मतभेदापलीकडचे स्मरण

प्रस्तावना

मित्र निवर्तला की त्याच्या आठवणी सांगाव्याशा वाटतात. तो आपल्याच विचारांचा आणि आपल्याच श्रद्धेचा असेल, तर शब्द सहज सुचतात. पण ज्याचा देवाविषयीचा विचार आपल्याहून वेगळा होता, ज्याच्याशी आपण आयुष्यभर वाद घातला, त्या मित्राचे स्मरण कसे करावे? वाद झालाच नाही असे दाखवावे, की तो अखेर आपल्याच बाजूचा होता असे म्हणावे? की याहून वेगळी अशी एखादी प्रामाणिक वाट आहे? महाराष्ट्राच्या इतिहासातील एका प्रसिद्ध मैत्रीच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• टिळक आणि आगरकर यांच्या मैत्रीचा व मतभेदांचा क्रम सांगू शकाल;
• मतभेद आणि वैर यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• भिन्न श्रद्धेच्या व्यक्तीचे स्मरण करताना कोणते पथ्य पाळावे, हे सांगू शकाल;
• एखाद्या दिवंगत व्यक्तीविषयी संयत भाषेत स्मृतिलेख लिहू शकाल.

मूळ पाठ

१. कमानिया गेट

मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या जुन्या बाजारात, सराफ्याजवळ, कमानिया गेट ही वास्तू उभी आहे. तिच्या कमानीखालून दिवसभर माणसांची आणि वाहनांची ये-जा सुरू असते. जवळच बडा फुहारा हा गजबजलेला चौक आहे आणि पलीकडच्या वस्तीत हनुमानतालचे प्राचीन जैन मंदिर आहे. अनेक धर्मांची आणि अनेक भाषांची माणसे या बाजारात एकमेकांशी व्यवहार करतात. त्यांत मराठी भाषकही आहेत. हे शहर काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते व १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. मराठी कुटुंबे मात्र येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक म्हणून ओळखले जाते. ते अधिवेशन एकमताचे नव्हते. महात्मा गांधींनी पाठिंबा दिलेल्या उमेदवाराचा पराभव करून सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले होते आणि पुढे दोन महिन्यांच्या आत त्यांना ते पद सोडावे लागले. तरीही याच सुभाषचंद्रांनी ६ जुलै १९४४ रोजी रेडिओवरून बोलताना गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधिले. मतभेदांच्या काळाचेही स्मारक उभारता येते आणि मतभेद कायम ठेवूनही आदर व्यक्त करता येतो, याची साक्ष ही कमान देते.

सुभाषचंद्र आणि गांधीजी यांच्यातील मतभेद राजकीय होते. श्रद्धेविषयीचा मतभेद अधिक खोल जातो, कारण तो जीवन आणि मृत्यू यांच्या अर्थालाच स्पर्श करतो. बडा फुहाऱ्याच्या परिसरातच ‘तिलकभूमी तलैया’ नावाचे मैदान आहे. ज्यांचे नाव या मैदानाला मिळाले, त्या लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात असा एक मतभेद घडला आणि अशा एका स्मरणाची वेळही आली. तो मित्र म्हणजे गोपाळ गणेश आगरकर.

२. एका कोठडीतील दोन मित्र

टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ साली जन्मले. टिळक रत्नागिरीचे, तर आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. आगरकरांचे बालपण अत्यंत हलाखीत गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दोघांची गाठ पडली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता लोकशिक्षणासाठी आयुष्य वेचावे, असा निश्चय त्यांनी तेथे केला.

हा निश्चय त्यांनी कृतीत उतरविला. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर होते. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले.

१८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांविरुद्ध मजकूर छापल्याबद्दल दोघांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्यांना चार महिन्यांची शिक्षा ठोठावण्यात आली आणि १०१ दिवसांनी त्यांची मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून सुटका झाली. आगरकरांनी या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली आहे. बंद कोठडीतही या दोन मित्रांचे वाद रंगत असत. वाद घालणे हा त्यांच्या मैत्रीचाच एक भाग होता.

३. वाटा वेगळ्या झाल्या

पुढे मात्र हे वाद कोठडीपुरते राहिले नाहीत. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांच्या ग्रंथांचा आगरकरांवर गाढ परिणाम झाला होता. कोणतीही रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहावी, असा त्यांचा आग्रह होता. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीला निश्चितपणे कळू शकत नाही, असे ते मानीत. माणसाच्या मनात देवाची कल्पना कशी निर्माण झाली असावी, याची चिकित्सा त्यांनी ‘देवतोत्पत्ती’ या निबंधात केली. नीतीने वागण्यासाठी परलोकाचे भय किंवा लोभ आवश्यक नाही, अशी त्यांची धारणा होती.

टिळकांची धारणा वेगळी होती. धर्म हा समाजाला एकत्र बांधणारा दुवा आहे, असे ते मानीत. त्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, आणि पुढे मंडालेच्या कारावासात ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ लिहिला. समाजसुधारणा लोकांच्या मनातून यावी, परकीय सरकारच्या कायद्याने ती लादली जाऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हा मतभेद अगदी टोकाला गेला. मुलींच्या हिताचा कायदा म्हणून आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला, तर टिळकांनी त्याला विरोध केला.

मतभेदामुळे आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र काढले. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. एकेकाळी एका पत्रात एकत्र लिहिणारे दोन मित्र आता दोन पत्रांतून परस्परांवर कठोर टीका करू लागले. सनातनी मंडळींचा रोष इतका वाढला की, आगरकर जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. स्वतःची अंत्ययात्रा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग या विचारवंतावर आला, पण त्यांनी आपली लेखणी खाली ठेवली नाही.

४. १८ जून १८९५

आगरकरांना दम्याचा जुना विकार होता. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडी रक्कम आधीच बाजूला बांधून ठेवली होती, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे ‘केसरी’च्या प्रकाशनाचा दिवस. मृत्युलेख टिळकांनी लिहिला. एरवी त्यांची लेखणी झपाट्याने चालत असे. हा लेख लिहिताना मात्र त्यांना कितीतरी वेळ लागला आणि त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, अशी आठवण टिळकांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

या लेखाचे मोल केवळ त्यातील शोकात नाही. मृत्यूच्या दर्शनाने लहानसहान मतभेद मागे पडतात आणि जुन्या आठवणींनी लेखणी गोंधळून जाते, अशा आशयाचे टिळकांनी लिहिले. मतभेद होते, हे त्यांनी नाकारले नाही. देशी वर्तमानपत्रांना जे महत्त्व प्राप्त झाले, त्याचे मोठे श्रेय आगरकरांच्या विद्वत्तेला आणि मार्मिक लेखनाला आहे, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. हे श्रेय देणारे पत्र कोणते, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या ‘केसरी’तून आगरकरांना बाहेर पडावे लागले आणि ज्याने त्यांच्या मतांवर वर्षानुवर्षे प्रहार केले, त्याच ‘केसरी’चे हे शब्द होते.

या स्मरणाने टिळकांच्या श्रद्धेत बदल झाला नाही. धर्म आणि सुधारणा यांविषयीचे त्यांचे मत पूर्वीचेच राहिले. मित्राचा गौरव करताना त्याच्या मतांना शरण जावे लागत नाही. तसेच आपले मत टिकवण्यासाठी मित्राला लहान करावे लागत नाही. वीस वर्षांनंतर, १९१५ मध्ये, राजकारणातील प्रतिस्पर्धी गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले, तेव्हाही टिळक सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानभूमीत त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा मनःपूर्वक गौरव केला.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
१. ‘केसरी’चे पहिले संपादक –
(अ) चिपळूणकर (आ) आगरकर (इ) गोखले
२. टिळक आणि आगरकर यांना कारावास भोगावा लागला –
(अ) मंडाले येथे (आ) येरवडा येथे (इ) डोंगरी येथे
३. आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेले पत्र –
(अ) सुधारक (आ) मराठा (इ) ज्ञानोदय

५. इंग्लंडमधील एक अंत्ययात्रा

आगरकरांच्या निधनापूर्वी चार वर्षे, ३० जानेवारी १८९१ रोजी, लंडन येथे चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे निधन झाले. ते ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य आणि उघड निरीश्वरवादी होते. त्याचबरोबर ते भारताचे खरे हितचिंतक होते. १८८९ मध्ये मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास ते उपस्थित राहिले होते. त्यांच्या अंत्यविधीला लंडनमधील बहुतेक सारे भारतीय गेले. त्यांत कायद्याचा अभ्यास करणारे तरुण मोहनदास गांधीही होते. काही ख्रिस्ती धर्मोपदेशकही तेथे आले होते, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. परतताना रेल्वे स्थानकावर एका नास्तिकाने एका धर्मोपदेशकाशी उद्दामपणे घातलेला वाद त्यांनी ऐकला आणि नास्तिकतेविषयीची त्यांची नावड वाढली. नावड होती, तरी श्रद्धांजली वाहण्यास ते गेले होते, हे महत्त्वाचे.

या घटनेला दुसरीही बाजू आहे. ब्रॅडलॉ अखेरच्या क्षणी देवाला शरण गेले, अशा वावड्या पुढे उठल्या. त्यांची कन्या हायपेशिया ब्रॅडलॉ बॉनर यांना त्या खोडून काढण्यासाठी पुस्तिका लिहावी लागली. असे बोलणाऱ्यांतील काहींचा हेतू कदाचित वाईट नसेलही. मृताला आपल्यात ओढून घेण्यात त्यांना त्याचे भलेच वाटत असेल. परंतु जो माणूस आता उत्तर देऊ शकत नाही, त्याच्या तोंडी आपले मत घालणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

६. ‘स्मृतिचित्रे’तील ठोमरे

श्रद्धेतील अंतर घराच्या उंबरठ्यापर्यंत आले, तरी माया आटत नाही, याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आढळते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नांदण्यास आल्या आणि स्वतः विचार करून १९०० मध्ये त्यांनीही तो धर्म स्वीकारला.

अहमदनगरच्या त्यांच्या ख्रिस्ती घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा हिंदू तरुण कवी येऊन राहिला. मराठी वाचक त्याला ‘बालकवी’ म्हणून ओळखतात. ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात त्याचा अंत झाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लक्ष्मीबाईंनी या ठोमऱ्यांचे स्मरण घरच्या मुलाच्या मायेने केले. तो मायेचा धागा तुटण्यासाठी धर्मांतर पुरेसे ठरले नाही.

७. खरे स्मरण

वरील तिन्ही उदाहरणांतील नाती निरनिराळी आहेत. त्यांतून निघणारे सूत्र मात्र एकच आहे. दिवंगताला तो होता तसाच राहू द्यावा. आगरकर अज्ञेयवादी होते आणि टिळकांनी त्यांना श्रद्धाळू ठरविले नाही. ब्रॅडलॉ निरीश्वरवादी होते आणि ते तसेच गेले. ठोमरे हिंदू होते आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर केलेल्या मायेला त्यांच्या धर्मांतराची अट नव्हती.

मतभेद लपवून केलेले स्मरण गोड वाटते, पण ते अपुरे असते. केवळ मतभेदच उगाळणारे स्मरण तर स्मरणच नव्हे. ते जुन्या भांडणाचे पुढचे पान होय. मित्राच्या अंतःकरणात काय होते, त्याने काय कष्ट केले, कोणाचे भले केले, हे सांगताना तो आपल्याहून निराळा विचार करीत होता हेही सांगता आले पाहिजे.

कमानिया गेटसारख्या बाजारपेठेत भिन्न धर्मांची माणसे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी दुकाने चालवतात. शेजारचा दुकानदार निवर्तला, तर त्याच्या जनाजाला किंवा अंत्ययात्रेला जाणाऱ्याने आपला धर्म सोडावा लागत नाही. त्याने तेथे आदराने उभे राहावे, त्या घरच्या रीतीचा मान राखावा आणि आपण ज्या माणसाला ओळखत होतो, त्याच्याविषयी खरे तेच बोलावे. मित्राचे अंतिम ऋण एवढ्यानेच फिटते असे नाही. परंतु ते फेडण्याची सुरुवात येथून होते.

पाठगत प्रश्न २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ब्रॅडलॉ यांच्या कन्येने कशासाठी पुस्तिका लिहिली?
२. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचे नाव काय?
३. पाठात ‘जुन्या भांडणाचे पुढचे पान’ असे कशाला म्हटले आहे?

शब्दार्थ

निवर्तणे – मरण पावणे
हलाखी – अतिशय गरिबी
धारणा – मनात पक्का झालेला विचार
रूढी – परंपरेने चालत आलेली रीत
सनातनी – जुन्या धर्मरीतींना चिकटून राहणारा
अज्ञेयवादी – ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही, असे मानणारा
निरीश्वरवादी – ईश्वर नाही, असे मानणारा
मृत्युलेख – एखाद्याच्या निधनानंतर वर्तमानपत्रात लिहिलेला गौरवपर लेख
वावडी उठणे – खोटी बातमी पसरणे
उगाळणे – तीच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणे
जनाजा – मुस्लिम धर्मरीतीनुसार होणारी अंत्ययात्रा

भाषाभ्यास

स्मृतिलेखाची भाषा संयत असावी. ‘थोर’, ‘महान’, ‘अलौकिक’ अशी विशेषणे एकामागून एक लिहिली, तर माणूस दिसेनासा होतो. त्याऐवजी त्याची एखादी कृती सांगावी. ‘आगरकर स्वाभिमानी होते’ या विधानापेक्षा ‘आगरकरांनी आपल्या अंत्यविधीसाठी रक्कम बाजूला बांधून ठेवली होती’ हे वाक्य अधिक परिणाम करते. पहिल्या वाक्यात मत आहे, तर दुसऱ्यात घटना आहे. घटना सांगितली की वाचक आपले मत स्वतः बनवतो.

मतभेद सांगताना ‘परंतु’, ‘तरीही’, ‘असे असले तरी’ ही उभयान्वयी अव्यये उपयोगी पडतात. पुढील दोन वाक्ये वाचा.
(अ) तो माझा मित्र होता; परंतु तो देव मानीत नसे.
(आ) तो देव मानीत नसे. तरीही तो माझा मित्र होता.
दोन्ही वाक्यांत माहिती एकच आहे. मात्र वाक्याच्या शेवटी जे येते, त्यावर भर पडतो. पहिल्या वाक्यात मतभेद मनात राहतो, तर दुसऱ्यात मैत्री.

तुम्ही काय शिकलात

• टिळक आणि आगरकर यांनी शिक्षण व वृत्तपत्र या क्षेत्रांत एकत्र कार्य केले. पुढे धर्म आणि समाजसुधारणा यांवरील मतभेदांमुळे ते दूर झाले.
• आगरकरांच्या निधनानंतर टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्या कार्याचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले, पण आपली मते सोडली नाहीत.
• दिवंगत व्यक्तीच्या तोंडी आपली श्रद्धा घालणे हा तिच्यावर अन्याय होय.
• स्मृतिलेखात विशेषणांपेक्षा घटनांना महत्त्व द्यावे.

पाठान्त प्रश्न

१. टिळक आणि आगरकर यांच्यातील मतभेदांची कारणे आठ-दहा ओळींत लिहा.
२. ‘मित्राचा गौरव करताना त्याच्या मतांना शरण जावे लागत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. कमानिया गेट ही वास्तू पाठाच्या विषयाशी कशी जोडली आहे, ते सांगा.
४. तुमच्या परिचयातील, तुमच्याहून भिन्न श्रद्धा असलेल्या एखाद्या दिवंगत व्यक्तीविषयी पंधरा ओळींचा स्मृतिलेख लिहा. त्यात त्या व्यक्तीची किमान एक प्रत्यक्ष कृती सांगा. शक्य असल्यास तो लेख त्या व्यक्तीच्या घरच्यांना वाचून दाखवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १ – (आ), २ – (इ), ३ – (अ)

प्रश्न २ :
१. ब्रॅडलॉ अखेरच्या क्षणी देवाला शरण गेले, ही वावडी खोडून काढण्यासाठी त्यांच्या कन्येने पुस्तिका लिहिली.
२. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचे नाव ‘स्मृतिचित्रे’ असे आहे.
३. केवळ मतभेदच उगाळणाऱ्या स्मरणाला ‘जुन्या भांडणाचे पुढचे पान’ असे म्हटले आहे.